आवाज घे, तोंड नको

माझ्या फोनमध्ये अकरा मिनिटं चाळीस सेकंदांची एक फाइल आहे. नाव फोननेच दिलेलं, नुसती तारीख आणि आकडे. आत तासगावच्या घरातलं स्वयंपाकघर आहे आणि ओव्या म्हणणारी माझी आजी.

मी फोन पुढे धरला तेव्हा तिला वाटलं, मी व्हिडिओ घेतेय. तिने पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, "आवाज घे, तोंड नको." मी म्हटलं, "आवाजच घेतेय गं." तिचा विश्वास बसेना. शेवटी फोन फरशीवर पालथा ठेवायला लावला. मग विचारलं, "कुणाला ऐकवणार हाईस?" मी म्हटलं, "आम्हालाच. घरातल्यांना."

मग ती म्हणायला लागली. त्या घरातलं जातं केव्हाच मागच्या अंगणात गेलं होतं, त्यावर तुळशीची कुंडी बसली होती. तरी आजीचा उजवा हात फरशीवर गोल फिरत होता. हात थांबला की पुढची ओवी आठवायची नाही. हात फिरला की यायची.

आजीला जाऊन आता दीड वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात मी ती फाइल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तिच्या वर कुणाच्या तरी नव्या गाडीचा फोटो होता, खाली गुड मॉर्निंगचं फूल. गाडीला सतरा अंगठे आले, फुलाला चार. आजीला हात जोडलेल्या दोन इमोजी. नंतर कळलं, त्या दोघांनीही ती ऐकली नव्हती. मावसभावाने सरळ सांगितलं, "अगं, ऑडिओ कोण उघडतं? व्हिडिओ कर. मग यूट्यूबवर पण टाकता येईल."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. यूट्यूबवर नुसती ऑडिओ फाइल अपलोड होत नाही, तिला आधी व्हिडिओ व्हावं लागतं. आपल्या फोनमधल्या बहुतेक जागांची रीत हीच आहे. काहीतरी दिसलं पाहिजे, हललं पाहिजे, तरच अंगठा थांबतो. म्हणजे कानासाठी असलेल्या वस्तूला आत शिरायचं तर आधी डोळ्यांना काहीतरी द्यावं लागतं. तर मग आजीच्या आवाजाबरोबर मी काय दाखवायचं?

हा प्रश्न मला सुरुवातीला तांत्रिक वाटला होता.

*

पहिलं उत्तर भावानेच दिलं. दहा मिनिटांत त्याने एआयकडून एक चित्र करून घेतलं. नऊवारीतली म्हातारी, जातं, मागे उगवता सूर्य, कपाळावर ठसठशीत कुंकू, गालावरच्या सुरकुत्यांतून पडणारं सोनेरी ऊन. चित्र सुंदर होतं. ग्रुपवर त्याला लगेच बदाम आले. एका मामीने लिहिलं, "अगदी आत्याच!"

ती आजी नव्हती. ती कुणाचीच आजी नव्हती. आजीने तोंड नको म्हटलं होतं आणि आम्ही तिच्या आवाजावर भलत्याच बाईचं तोंड बसवत होतो. खरा फोटो लावला असता तर एक वचन मोडलं असतं. इथे वचन मोडतच होतं, वर खोटंही बोललं जात होतं. आणखी दहा वर्षांनी घरातली लहान मुलं हाच चेहरा आजीचा म्हणून ओळखतील, ही भीती वेगळीच.

तेव्हा मला वाटलं, प्रामाणिक मार्ग एकच आहे. चित्र बाहेरून आणायचं नाही, आवाजातूनच काढायचं. आवाज वर गेला की रेघ वर जाईल, थांबला की थांबेल. त्यात माझं काही नसेल, सगळं तिचंच असेल.

यासाठी तयार ॲप्स भरपूर आहेत. पण त्यांच्यात आवाज टाकला की ती आपल्या मनाने निऑनचे गोल फिरवतात, ठिणग्या उडवतात आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकतात. माझा नोकरीत काळ्या खिडकीशी रोजचा संबंध. काळी खिडकी म्हणजे कमांड लाइन. तिथे बटणं नसतात, काय हवं ते शब्दांत लिहून द्यावं लागतं. तिथे चालणारं एफएफएमपेग नावाचं एक मोफत साधन आहे. फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली ते सुरू केलं आणि तेव्हापासून असंख्य लोकांनी ते वाढवलं. नाव ऐकलं नसेल तरी तुम्ही ते वापरलेलं असतं, कारण कितीतरी ॲप्स आणि वेबसाइट्स पडद्यामागे व्हिडिओचं काम त्याच्याकडूनच करून घेतात. त्यात आवाजाचं चित्र काढणारे काही फिल्टर आहेत. शोवेव्हज आवाजाची लाट काढतो. शोस्पेक्ट्रम आवाजातले वेगवेगळे सूर सुटे करून दाखवतो. शोसीक्यूटी तेच संगीताच्या पट्टीवर मांडतो. एक ओळ लिहायची: ही फाइल घे, हा फिल्टर लाव, एवढ्या रुंदीचा व्हिडिओ दे. एंटर दाबायचं.

मी शोवेव्हज निवडला. काळ्यावर पांढरी रेघ. यापेक्षा साधं काय असणार?

*

त्या रेघेत काय असतं ते थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. फोनचा माइक तो चढउतार एका सेकंदात हजारो वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजणीचा एक आकडा लिहून ठेवतो. माझ्या फाइलमध्ये दर सेकंदाला ४४,१०० आकडे आहेत. अकरा मिनिटं चाळीस सेकंद म्हणजे ७०० सेकंद, म्हणजे आजीच्या त्या दुपारचे तीन कोटी आठ लाख सत्तर हजार आकडे. व्हिडिओत दर सेकंदाला २५ चित्रं धरली तर एका चित्राच्या वाट्याला १,७६४ आकडे येतात. माझ्या व्हिडिओची रुंदी होती १,२८० ठिपके. म्हणजे आकडे जास्त आणि जागा कमी. काहीतरी एकमेकांवर चढणार, काहीतरी पुसट होणार. काय चढवायचं आणि काय पुसट करायचं, ते कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात. आपण काही सांगितलं नाही, तर आपण ते मान्य केलं असं धरलं जातं.

व्हिडिओ तयार झाला. मी तो आधी आईला पाठवला आणि फोन केला.

ती काही बोलेना. मग म्हणाली, "हे बंद कर."

मला वाटलं, आजीचा आवाज ऐकून रडू आलं असेल. तसं नव्हतं. तिने आवाज ऐकलाच नव्हता. फोन म्यूटवर होता आणि काळ्या पडद्यावर पांढरी रेघ थरथरत होती. शेवटचे चार दिवस आई आयसीयूत आजीच्या उशाशी बसली होती. तिच्यासाठी काळ्यावर थरथरणारी रेघ म्हणजे एकच गोष्ट. आणि आजी दोन ओव्यांच्या मध्ये थांबली की ती रेघ सपाट व्हायची.

मी निवडलेलं सगळ्यात साधं, सगळ्यात तटस्थ चित्र माझ्या आईला तिच्या आईचा मृत्यू पुन्हा दाखवत होतं.

मी "त्यात माझं काही नाही" असं म्हणत होते, तो माझा पहिला गैरसमज. रेघ आवाजातून आली होती हे खरं. पण ती रेघच असावी, काळ्यावर पांढरीच असावी, डावीकडून उजवीकडेच पळावी, हे आवाजाने ठरवलेलं नव्हतं. ते मी ठरवलं होतं, किंवा मी न ठरवल्यामुळे ठरलं होतं.

*

आवाजाची रेघ काढण्याची कल्पना फोनपेक्षा, कम्प्युटरपेक्षा, अगदी रेकॉर्डपेक्षाही जुनी आहे. पॅरिसमधल्या एदुआर-लेऑन स्कॉट द मार्टिनव्हील या छपाईच्या धंद्यातल्या माणसाने १८५७ साली फोनोटोग्राफ नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कर्ण्यातून आवाज यायचा, पातळ पडदा थरथरायचा, त्याला जोडलेला केस काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढायचा. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. पण स्कॉटला आवाज परत ऐकवायचा नव्हताच. त्याला तो लिहायचा होता. माणसं सरावाने ती रेघ वाचायला शिकतील, अशी त्याची आशा होती. म्हणजे जगातला पहिला टिपलेला मानवी आवाज टिपला गेला तो कानासाठी नाही, डोळ्यांसाठी.

त्या काजळीच्या रेघा दीडशे वर्षं मुक्या पडून होत्या. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ९ एप्रिल १८६० च्या एका कागदाचं स्कॅनिंग करून त्यातून आवाज काढला. एक फ्रेंच लोकगीत, काही सेकंदांचं. जगभर बातमी झाली. ऐकणाऱ्यांना तो आवाज एखाद्या मुलीचा किंवा तरुण बाईचा वाटला. पुढच्या वर्षी लक्षात आलं की वेग दुप्पट धरला गेला होता. गाण्याच्या रेघेशेजारी स्कॉटने एका ट्यूनिंग फोर्कची रेघ मोजपट्टी म्हणून काढून ठेवली होती. त्या काळी फ्रान्समध्ये एका हेलकाव्याची जाणं आणि येणं अशी दोन कंपनं मोजत, आणि तो हिशेब उलगडताना घोळ झाला होता. वेग निम्मा केला आणि मुलगी नाहीशी झाली. उरला एक पुरुष, सावकाश, जपून गाणारा, बहुधा स्कॉट स्वतःच.

या गोष्टीत कुणी लबाडी केली नव्हती. रेघ खरी होती, शास्त्रज्ञ प्रामाणिक होते. तरी एका गृहीतामुळे माणसाची मुलगी झाली. आणि ती चूक दुरुस्त होऊ शकली, कारण मूळ कागद जसाच्या तसा होता आणि मोजपट्टी शेजारीच होती.

हे मी लक्षात ठेवलं.

*

दुसऱ्या खेपेला मी शोस्पेक्ट्रमकडे वळले. याच्या एका भावंडाला सगळी फाइल देऊन एकच अखंड चित्र मागता येतं. डावीकडून उजवीकडे काळ, खालून वर सूर, जिथे जोर जास्त तिथे उजेड जास्त. माणसाचा आवाज या चित्रात एक रेघ नसतो. मूळ सुराच्या वर त्याच्या दुपटीची, तिपटीची, चौपटीची अशा रेघा चढत जातात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या.

पहिलं चित्र जवळजवळ काळंच आलं. उजेडाचं माप बदलून लॉगरिदमिक केलं, म्हणजे लहान आवाजांनाही दिसण्यापुरती जागा दिली, आणि स्वयंपाकघर उगवलं. प्रत्येक ओवीच्या आधी एक फिकट धूसर पट्टा दिसू लागला. तो आजीचा श्वास. एका मापात तो नव्हताच, दुसऱ्या मापात तो होता. दोन्ही चित्रं त्याच फाइलची, दोन्ही खरी.

इथे एक अडचण आहे आणि ती साधनाची नाही, निसर्गाचीच आहे. सूर मोजायला काळाचा तुकडा घ्यावा लागतो. तुकडा लहान घेतला तर आवाज नेमका केव्हा झाला ते कळतं, पण कोणता सूर ते पुसट होतं. तुकडा मोठा घेतला तर सूर नेमका कळतो, पण केव्हा ते पसरतं. डेनिस गॅबोर या शास्त्रज्ञाने १९४६ मध्ये ही मर्यादा गणिताने मांडली. चांगला कम्प्युटर घेऊन ती ओलांडता येत नाही. म्हणजे 'आवाजाचं खरं चित्र' असं एकच काही नसतंच. केव्हा आणि कोणता, यातलं तुम्हाला काय जास्त हवंय, ते सांगावंच लागतं.

त्याच चित्रात अगदी तळाशी दोन सरळ उजळ रेघा होत्या. आडव्या, न हलणाऱ्या, शंभर हर्ट्‌झच्या आसपास. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, त्यामुळे विजेवर चालणाऱ्या वस्तूंची घरघर बऱ्याचदा शंभरच्या आसपास ऐकू येते. एक रेघ फ्रिजची असावी, दुसरी पंख्याची. सातव्या मिनिटानंतर दोन्ही एकाच क्षणी तुटल्या आणि पुढे कधीच आल्या नाहीत.

आणि तुटल्यानंतर एका सेकंदाने आजीच्या आवाजाचा एक छोटा ठिपका होता, ओवीच्या बाहेरचा.

तो ठिपका मला पाठ होता. तिथे आजी हळूच म्हणते, "गेली." मग थांबते. मग पुन्हा सुरू करते. दीड वर्षात मी ते वीस-पंचवीसदा ऐकलं असेल. त्याआधीची ओवी बहिणीवर होती आणि आजीची धाकटी बहीण त्याच्या आदल्याच वर्षी वारली होती. मी त्या एका शब्दावर रडले होते. एकदा मैत्रिणीला मुद्दाम तेवढाच तुकडा ऐकवला होता.

आजी म्हणाली होती, लाइट गेली.

मी त्या दिवशी तिथेच बसले होते, तरी मला ते आठवत नव्हतं. तासगावात दुपारी लाइट जाणं ही लक्षात ठेवायची गोष्ट नाही. मला हसू आलं आणि नंतर थोडी शरम वाटली. मृत माणसाच्या एका शब्दात मी माझ्या मनाचा अर्थ भरला होता आणि तो जपत होते. कान माझ्या बाजूने बोलत होता. चित्राने मला खोटं पाडलं.

म्हणजे आवाजाचं चित्र नुसती सजावट असतं, असंही नाही. कधीकधी ते साक्षीदार असतं.

*

आता मोह वेगळा होता. त्या दोन रेघा काढून टाकता आल्या असत्या. एफएफएमपेगमध्ये घरघर कमी करणारे फिल्टरही आहेत. आवाज स्वच्छ झाला असता, ऐकणाऱ्याला बरं वाटलं असतं. पण फ्रिज गेला असता तर लाइट गेल्याचा पुरावाही गेला असता आणि 'गेली' हा शब्द पुन्हा माझ्या ताब्यात आला असता. मी फ्रिज ठेवला.

शोसीक्यूटीही करून पाहिला. तो सगळ्यांत देखणा. पण त्याच्या चित्राखाली डिफॉल्टने पाश्चात्त्य स्वरांची पट्टी येते आणि त्या पट्टीतली घरं आधीच ठरलेली असतात. आजीचा सूर त्यातल्या दोन घरांच्या मध्ये कुठेतरी तरंगत होता, जणू ती बेसूर आहे. आपल्याकडे षड्ज ज्याचा त्याने ठरवायचा. आजीने तो पेटीकडे बघून लावला नव्हता, कधीकाळी जात्याच्या घरघरीवर लावला होता. ती पट्टी बंद करता येते. एका शब्दाचं काम आहे. पण ती बंद करायला हवी, हे आधी सुचावं लागतं.

काळ्या खिडकीचं मला पटलेलं मोठेपण एवढंच आहे. ती ॲपपेक्षा जास्त प्रामाणिक नसते, तिच्यातही डिफॉल्ट असतातच. पण तिथे घेतलेला प्रत्येक निर्णय शब्दांत लिहिलेला राहतो. माप कोणतं, रंग कोणता, काय गाळलं. ती ओळ जपून ठेवली तर उद्या कुणीही मला विचारू शकतं, "हे असं का केलंस?" आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही, चित्र दरवेळी नव्या फाइलमध्ये उतरतं. स्कॉटच्या कागदाशेजारी मोजपट्टी होती तशी.

*

मग मोठ्या मामांकडे गेले. मामांना सत्तरीनंतर ऐकू येणं फार कमी झालंय. मशीन लावलं तरी त्यांना शब्द नाही, नुसता गलका येतो. ग्रुपवर मी टाकलेली आजीची फाइल त्यांच्यासाठी फाइल नव्हतीच. हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

मी ते अखंड चित्र टॅबवर उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि कागदावर लिहिलं: आजीच्या ओव्या. डावीकडून वाचायचं. मामांनी चष्मा वर केला, चित्र डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघत राहिले. मग बोट ठेवत ठेवत पुढे सरकले. शिडी, मग फट, मग शिडी, मग फट. ओठ हलत होते. शेवटाला पोचल्यावर म्हणाले, "बावीस."

मी घरी येऊन ऐकत मोजल्या. बावीसच होत्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आवाजाचं असं चित्र काढणारं यंत्र घडलं आणि १९४७ मध्ये त्यावर 'व्हिजिबल स्पीच' नावाचं पुस्तक निघालं. बहिऱ्या माणसांना बोलणं डोळ्यांनी वाचता यावं, ही त्यामागची एक आशा होती. ती फारशी फळली नाही. चित्रावरून बोलणं वाचणं अतिशय कठीण असतं. मामांनीही एक शब्द वाचला नाही. पण आईने किती ओव्या म्हटल्या, कुठे दमली आणि कुठे सलग म्हणत गेली, ते त्यांना कळलं. बाकीच्या आमच्यासाठी चित्र हे आवाजावर चढवलेलं काहीतरी होतं. मामांसाठी तेवढंच होतं.

*

आता यूट्यूबचा प्रश्न उरला. भावाने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. म्हणाला, "ओव्या अशाच हरवल्या. बायकांनी अंधारात म्हणायच्या, कुणी ऐकायच्या नाहीत, आणि नाव कुणाचंच नाही. तूही तेच करतेयस."

त्याचं म्हणणं खोडणं सोपं नाही. जात्यावरची ओवी पहाटेच्या अंधारात म्हटली जायची. तोंड जात्याकडे, पाठ घराकडे. ती बघायची गोष्ट कधीच नव्हती. म्हणूनच कदाचित तिच्यात सासरचं, माहेरचं, नवऱ्याचं सगळं बोलता यायचं. पण त्याच अंधारात म्हणणारीचं नावही गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज 'पारी'च्या वेबसाइटवर त्या वाचता येतात, अनेक ऐकताही येतात. तिथे ओवी म्हणणारीचं नाव आहे, गाव आहे, अनेकींचे फोटो आणि व्हिडिओ आहेत. त्या बायका कॅमेऱ्याकडे बघून हसतात. तिथे चेहरा दाखवणं हा अपमान नाही, उलट उशिरा मिळालेला मान आहे.

तेव्हा 'चेहरा दाखवू नये' असा काही नियम नाही. फरक एवढाच की त्यांना विचारलं गेलं होतं आणि त्या हो म्हणाल्या. माझ्या आजीलाही विचारलं गेलं होतं.

मी आईला हे सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तोंड नको म्हणाली होती. नाव नको म्हणाली नव्हती."

ते बरोबर होतं. मी आजीचं ऐकता ऐकता तिने न मागितलेलंही तिच्यावर लादत होते. व्हिडिओच्या सुरुवातीला आता तिचं पूर्ण नाव आहे, माहेरचंही, आणि दोन्ही गावं.

पण तिने आणखी एक विचारलं होतं: कुणाला ऐकवणार? आणि मी म्हटलं होतं, घरातल्यांना. तो शब्द माझा आहे, तिचा नाही. म्हणून मी तो सैल करू शकत नाही. गेलेल्या माणसाच्या वतीने 'हो' म्हणणं फार सोपं असतं, कारण 'नाही' म्हणायला ते येत नाही. सगळं चांगल्या हेतूने चाललेलं असतं, म्हणून ते आणखी सोपं होतं. उद्या मामा, आई आणि मावशी तिघंही म्हणाले की आजीला हे चाललं असतं, तर मी पुन्हा विचार करेन. त्यांनी तिला माझ्यापेक्षा चाळीस वर्षं जास्त पाहिलंय. तोवर ती फाइल घरात राहील.

मला सुरुवातीला वाटलं होतं, प्रश्न खरं चित्र आणि खोटं चित्र यातला आहे. एआयची म्हातारी खोटी, आवाजातून निघालेली रेघ खरी. आता तसं वाटत नाही. आवाजातून निघालेलं चित्रही कुणाच्या तरी हातचं असतं. त्यात दाखवणाऱ्याचं माप असतं आणि बघणाऱ्याचा आयसीयू असतो. प्रामाणिकपणा चित्रात आपोआप येत नाही. काय निवडलं ते सांगायची तयारी असावी, मूळ वस्तू दुसऱ्याला तपासता यावी, आणि जिचा आवाज आहे तिने काय दिलं आणि काय दिलं नाही, ते आपण विसरू नये. एवढं केलं तर निऑनचे गोलही चालतील. एवढं नाही केलं तर साधी रेघही चालणार नाही.

ग्रुपवर शेवटी शिड्यांचं चित्र सरकत जाणारा व्हिडिओ गेला. हृदयाच्या रेघेची आठवण येऊ नये म्हणून रंग चुलीतल्या निखाऱ्याचा घेतला. सोबत चार ओळी लिहिल्या: आवाज स्वच्छ केलेला नाही. खालच्या दोन रेघा फ्रिज आणि पंख्याच्या. सातव्या मिनिटानंतर लाइट जाते. मूळ फाइल हवी असेल त्याने मागावी.

या वेळी नऊ जणांनी बघितलं. किती जणांनी ऐकलं ते माहीत नाही. मूळ फाइल एकाने मागितली, त्याच भावाने.

त्या रात्री आईचा फोन आला. म्हणाली, बघून झालं, आता फोन पालथा ठेवून ऐकतेय.